तीन वाजताची खोटी माणसं

शनिवारी सव्वातीन वाजून गेले तरी खानावळीत एकही गिऱ्हाईक नव्हतं. परातीत पीठ मळलेलं होतं, तवा तापून धुरावला होता आणि अंबूबाई दाराकडं तोंड करून बसल्या होत्या.

चाकणला कंपनीच्या गेटसमोर लागणारी त्यांची हातगाडी आठ दिवसांपूर्वी सकाळी अचानक हलवावी लागली. नवी खोली दोन गल्ल्या आत होती. कुणाला सांगायला सवडही मिळाली नाही. "गेटवर हुबी ऱ्हाऊन सांगते," असं अंबूबाई म्हणाल्या, तेव्हा सून तेजस्विनीनं त्यांना अडवलं होतं. "उन्हात कशाला आई? मोबाइलवर टाकते. एका मिनिटात सगळ्यांना कळेल." तळवड्याच्या ऑफिसात ती मोबाइलवर जाहिराती करण्याचाच पगार घ्यायची, मग तिला नाही तरी कसं म्हणायचं? पण आजही माणसं आली नाहीत तर खोली सोडायची आणि गावी निघायचं, हे अंबूबाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

"तुज्या मोबाइलात किती मान्सं हायती म्हनलीस?"

"अकराशे."

"मग ती जेवत्यात कुठं?"

मुद्दाम सुट्टी काढून आलेल्या तेजस्विनीला हे चांगलंच झोंबलं. तिनं भाकरी थापतानाचा व्हिडिओ सासूपुढं धरला. खाली नागपूरच्या कुणाच्या तरी तोंडाला पाणी सुटलं होतं. दुबईच्या एका बाईंना आईची आठवण आली होती.

"दुबईस्नं येनार हाय व्हय ती भाकरी खायला?"

"खरी माणसं आहेत ही, आई. हळूहळू आपलीही येतील." तेजस्विनीचा आवाज चढला. "खोटी होती ती मी सगळी काढून टाकली. गाडी हलली त्याच दिवशी. छत्तीस जण होते."

"खोटी म्हंजी?"

खोटी म्हणजे विकतची. असली गर्दी तेजस्विनीनं ऑफिसात पाहिली होती. चेहऱ्याचा पत्ता नाही, सगळे एकदम उगवणार, एखादा शब्द टाकणार आणि गायब होणार. त्यांच्यापायी ऑफिसच्या एका गिऱ्हाइकासमोर तिची पुरती शोभा झाली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सासूच्या भाकरीसाठी मोबाइलवर काढलेल्या पानावर तर तिला एकही खोटं माणूस नको होतं.

"रोज दुपारी तीन ते सव्वातीन," ती बोटं मोडत म्हणाली. "त्याच्या आधी चिटपाखरू नाही, नंतरही नाही. कुणाच्या फोटोत मारुती, कुणाच्या फोटोत मोटारसायकल. आणि लिहायचं काय, तर नुसते आकडे!"

ऑफिसात नमुना म्हणून दाखवायला तिनं त्या आकड्यांचा फोटो काढून ठेवला होता. तो उघडून तिनं वाचायला सुरुवात केली. "तीन. तीन. दोन. चार. अडीच. साडेतीन..."

अंबूबाईंचा पिठातला हात थांबला.

"पुन्यांदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"अडीच त्यो भिमाजी," अंबूबाई म्हणाल्या. "तिसरी भाकरी अर्धीच खातो. उरल्याली अर्धी खंडूच्या ताटात. म्हनून खंडूच्या साडेतीन." त्या तेजस्विनीकडं बघतच राहिल्या. "गाडीवर आलं की म्हनायचे, मावशी, भाकरी मोबाइलवर सांगितल्यात. मला वाटायचं, चेष्टा करत्यात."

"पण सगळे एकदम तीनलाच कसे?"

"कंपनीत मोबाइल आत न्हेऊ देत न्हाईत, पोरी. गेटवर जमा असत्यात. तीनला शिफ्ट सुटली की हातात मिळत्यात."

तेजस्विनीला उलगडलं. नव्या जागेचा पत्ता तिनं अकराशे जणांना सांगितला होता, आणि जेवायला येणारी छत्तीस माणसं तेवढी आधी हाकलून मग सांगितला होता. तिला मान वर करवेना. इतकी लाज तिला त्या गिऱ्हाइकासमोरही वाटली नव्हती.

तिनं आधी 'अडीच' लिहिणाऱ्या भिमाजीच्या खात्यावरची बंदी उठवली. 'मावशींची खानावळ गेटपासून दोन गल्ल्या आत सुरू झाली आहे, जेवायला या,' असं लिहून खोलीचा पत्ता पाठवला. उत्तर लगेच आलं.

'कोण तुम्ही? मावशींची गाडी उठली. त्यांचं पान पण दिसायचं बंद झालं. आता त्यांच्या नावावर कोण धंदा करतंय?'

'मी त्यांची सून. खरंच.'

'सगळे असंच सांगतात.'

"काय म्हनतोय?" अंबूबाईंनी विचारलं.

"त्याला आपण खोट्या वाटतोय, आई."

अंबूबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि मोबाइल मागून घेतला. आवाज पाठवायचं बटण तेजस्विनीनं दाबून धरलं.  अंबूबाईंनी मोबाइल तोंडाजवळ नेला.

"भिमाजी," त्या म्हणाल्या, "आठ दिस कुठं जेवलास रं?"