रुमालाखालची बोटं

बाभळीच्या काट्यांचं फाटक हातानं बाजूला सारून नत्थुजी दलाल मैदानात शिरले, तेव्हा क्लबाचा कारभार पाहणारे पाचही पंच निंबाखाली सतरंजी टाकून बसले होते. उशीर झाला नव्हता, तरी नत्थुजी झपाझप चालू लागले.

घरून निघताना बायकोनं, तानुबाईंनी, दारातच अडवलं होतं.

"आज नोका जाऊ. बुखार हाय म्हनून सांगून पाठवतो मी."

"आज नाही गेलो तं उद्या कापसाच्या बाजारात मले कोन बोलावीन?"

तानुबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावरचा पांढरा रुमाल तेवढा नीट केला.

अमरावतीचा हा फुटबॉल क्लब एके काळी वऱ्हाडात दादा होता. कमिशनर साहेबांनी ठेवलेली बक्षिसाची ढाल सहा वर्षं इथून हलली नव्हती. मग अकोलेकर आले. त्यांनी सलग चार वर्षं धूळ चारली, आणि यंदा तर सात गोल चढवले. गावचे लोक आता सामन्याला यायचे ते हसायला, आणि भुईमुगाच्या शेंगांची टरफलं तिथंच टाकून जायचे. मॅनेजरनं अकोल्याहून परतताना गाडीतच राजीनामा दिला. पुढच्या वर्षीही हरलो तर क्लब मोडायचा आणि मैदानात सरकीचे ढीग लावायचे, असं पंचांनी ठरवून टाकलं होतं. नवा मॅनेजर चुकला की सगळं संपलं.

पंच सगळे कापूसवाले. उघड हात वर करून मत द्यायचं म्हणजे जन्माचं वैर घ्यायचं. म्हणून क्लबाचा निकाल बाजारातल्या भावासारखा रुमालाखाली लागायचा. दलाल एकेकाचा हात रुमालाखाली धरी, आणि तो किती बोटं दाबतो ते मनात ठेवी. हात रुमालात असेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. दलालानं निकाल सांगितला की पुन्हा विचारायचं नाही. नत्थुजी एकवीस वर्षं हेच करत होते, आणि त्यांच्या शब्दावर कोणी कधी शंका घेतली नव्हती.

आज नवा मॅनेजर निवडायचा होता. एक बोट म्हणजे गोवर्धन, दोन बोटं म्हणजे कुर्बान.

गोवर्धन नागपूरला कॉलेजात शिकलेला, आणि क्लबाचे अध्यक्ष उत्तमराव जिनवाले यांचा जावई. कुर्बान पिंजारी. दिवसभर गाद्यांचा कापूस पिंजायचा. पण ढाल अमरावतीत होती त्या सहाही वर्षी गोलात तोच उभा होता. दोघंही लांब फाटकापाशी थांबले होते, एकमेकांकडे न बघता.

उत्तमरावांनी नत्थुजींना बाजूला घेतलं.

"जावई पंधरा दिवसांपासून घरी येऊन बसला हाय. पोरगी जेवत नाही. तुमाले काय सांगाव?"

"मालक, रुमालात येईन तेच सांगीन मी."

"सांगा ना. मी कुठी नाही म्हनतो?" उत्तमराव हसले. "फकस्त चुकू नोका."

बाजारातला अर्धा कापूस सरकी काढायला उत्तमरावांच्या जिनात जायचा. त्यांनी मनात आणलं तर नत्थुजींच्या चुलीतली राखही थंड पडली असती.

पितळी पेल्यांतून उकळता चहा आला. पंचांनी पेले धोतराच्या सोग्यात धरले, नाहीतर खाली ठेवले. नत्थुजी मात्र पेला मुठीत घेऊन बसून राहिले.

"नत्थुजी, ध्यान कुठी हाय आज?" एका पंचानं विचारलं. नत्थुजींनी घाईघाईनं पेला खाली ठेवला आणि मांडीवर रुमाल पसरला.

पहिला हात आत आला. नत्थुजींची नजर त्या पंचाच्या चेहऱ्यावर खिळली होती. पंचानं फाटकाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हात काढून घेतला. दुसरा पान चघळत होता, त्यानं डोळेच मिटले. तिसऱ्याचं चटकन आटोपलं. चौथ्यानं हात काढताना सुस्कारा टाकला.

शेवटी उत्तमराव. त्यांचा जाडजूड पंजा रुमालाखाली शिरला. ते नत्थुजींच्या डोळ्यांत बघत होते, आणि बघता बघता त्यांनी विस्तवाला शिवल्यासारखा हात मागे ओढला. तोंडातून मात्र शब्द काढला नाही.

रुमालावर एक लाल ठिपका उमटला होता. पानाचा असावा.

"बोला," उत्तमराव म्हणाले.

एक नाव घेतलं तर क्लब बुडणार, दुसरं घेतलं तर आपण. त्यांनी पुन्हा एकदा पाचही चेहरे न्याहाळले.

"कुर्बान."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयानं पाहत होता. उत्तमराव लालबुंद झाले, उठले, आणि धोतर झटकून म्हणाले, "रुमाल बोलला. आता बोलाचं काम नाही."

गोवर्धन केव्हाच निघून गेला होता. कुर्बान धावत आला. वीस वर्षं चेंडू अडवलेल्या दोन्ही हातांनी त्यानं नत्थुजींचा उजवा हात घट्ट धरला.

"नत्थुजी, खरं सांगू? मले एकबी मत पडन असं वाटलं नोतं. मालकाच्या समोर सच बोलाले जिगर लागते."

"रुमाल खोटं बोलत नाही, बाप्पा."

कुर्बाननं त्यांचा तळहात उलटा केला आणि तो दचकला.

"या अल्ला. फाटकाचा काटा हाय हा. केवढा आत रुतला, रगत येऊन राहिलं. सकायपासून तुमाले समजलं नाही?"

नत्थुजींनी हात सोडवून रुमालात गुंडाळला. दिवाळीपासून त्या हाताला ना काटा कळत होता, ना कोणाचं बोट.