तिसऱ्यांदा मोजलेलं प्रेशर

"प्रेशर पुन्हा वाढलेलंच," दंडावरचा पट्टा सैल करत डॉक्टर म्हणाले. "आता शेवटचं मोजतो. कमी आलं नाही, तर विमा मिळणं कठीण आहे."

हे ओशाळले. पन्नाशीत लग्न केलेली आम्ही दोघं. सहा महिने पाहुण्यांसारखी जपून वागतोय. आपल्यामागे माझे हाल नकोत म्हणून ह्यांनी विम्याचा घाट घातलेला.

पट्टा पुन्हा आवळला, तेवढ्यात मला आठवलं. "अहो, पाण्याची मोटर बंद केलीत ना?"

"बहुतेक..."

"बहुतेक म्हणजे? टाकी वाहून गच्चीचं तळं झालं असेल! खालच्या काकू मलाच बोलणार. एक काम धड कराल तर शपथ!"

मी जीभ चावली. ह्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडले होते.

"उतरलं की!" डॉक्टर हसले. "वहिनी, आधीच नाही का रागवायचं?"

हे खुर्चीत ऐसपैस टेकले होते. "अजून बोल ना," म्हणाले.