तिकिटांची पिशवी

बहात्तर साली ऑलिम्पिकची नवी टपाल तिकिटं निघाली. खेळांच्या खुणा असलेली. आमच्या गावात त्यांचा समारंभ करायला मोठे साहेब जीपने आले. आमचा डाकवाला शेषराव तीन वर्षांपासून टेंपरवारी होता. त्याला कायम करायचं की नाही, तेही साहेब त्याच दिवशी ठरवणार होते.

तिकिटांची पिशवी घेऊन शेषराव ज्या मोटारीत बसला, ती नेमकी अनसिंगजवळ बंद पडली. इकडे साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. "एवढा मोठा देश, अन् धावणारा एक माणूस सापडू नये?" तेवढ्यात घामानं निथळणारा शेषराव मंडपात शिरला. पिशवी भिजू नये म्हणून त्यानं ती डोक्यावर धरली होती.

"सायब, मोटार बंद पडली. सात मैल पळत आलो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पंधरा मिनिटं उशीर! असा माणूस कायम कसा करायचा?"

एकही कीर्तन न चुकवणारे आमचे ग्यानबाकाका शेजाऱ्याच्या कानाला लागले.


"द्रोणागिरी आणला तवा हे सायब लंकेत नोते, बरं झालं बापा. नाही तं मारुतीराया आजून टेंपरवारीच राह्यला असता!"