विसावा दिवस

बहात्तरच्या दुष्काळात आपल्या भाकरीतला चतकोर घालून चांगुणाबाईनं जगवलेली तांबडी कोंबडी सकाळी मुंगसानं नेली. उबवणीचा विसावा दिवस होता. अंड्यांवरून उठून ती जरा दाणे टिपायला बाहेर आली, तेवढ्यात घात झाला. परसातल्या टोपल्यात नऊ अंडी उघडी पडली होती आणि चांगुणाबाई उंबऱ्यावर बसून नुसती बघत होती. “निवली असतील, टाकून येऊ का उकिरड्यावर?” लेकीनं विचारलं. इतक्यात शेजारची प्रेमबाई परसात शिरली. जैनाघरची बाई, एरवी हे टोपलं दिसलं तरी नाकाला पदर लावून वळणारी. आज ती टोपल्याशी बसली. तिनं पदरानंच एक अंडं उचललं आणि कानाशी धरलं. मग पदर बाजूला सारून ते उघड्या तळव्यांत अलगद घेतलं. “चांगुणाबाई, गोधडी आणा जल्दी,” ती म्हणाली, “आत चोच वाजून राह्यली.”