उजवीकडचा किनारा

टोबॅगो बेटावरच्या आमच्या तिठ्यावर युडोरामावशी तळलेले मासे विकायची. सुट्टीवर आलेले पाहुणे गाडी थांबवून विचारायचे, "मावशी, कुठला किनारा चांगला?"

"डावीकडचा," ती सांगायची. "उजवीकडचं पाणी दिसतं शांत, पण आत ओढून नेतं. माझा पोरगा केस्टर तिथेच पोहायला उतरला होता. चौथ्या दिवशी सापडला."

पाहुणे निमूट डावीकडे वळायचे. केस्टर गेल्यानंतरच्या सात वर्षांत उजवीकडे एकही माणूस बुडाला नाही.

मग एका जोडप्यानं किनाऱ्याजवळच्या आपल्या हॉटेलात तक्रार केली, की म्हातारी मेलेल्या पोराचं सांगून सुट्टीचा विचका करते. मॅनेजर स्वतः आला. "मावशी, लोक इथे मजा करायला येतात. त्यांना तुझं रडगाणं कशाला?" आठवड्याभरात तिची टपरी उचलली गेली.

आता तिथे छत्रीखाली हॉटेलची नवी मुलगी उभी असते. काल दोन लहानग्यांना घेऊन आलेल्या बाईनं तिला विचारलं, "कमी गर्दीचा किनारा कुठला हो?"


"उजवीकडचा," मुलगी गोड हसून म्हणाली. "तिथे कुणीच जात नाही."