मिस्त्रींची सही

“सही करणार नाही म्हणजे नाही,” मिस्त्री म्हणाले आणि हातातला पाना त्यांनी फळीवर आपटला.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. हँगरच्या दुसऱ्या टोकाला क्लबचे लोक खुर्च्या मांडत होते. चार वाजता कॅप्टनच्या आठवणीचा कार्यक्रम होता. जुन्या विमानांच्या या क्लबात कोणी गेलं, की दर वर्षी त्याच दिवशी सगळे जमायचे आणि प्रत्येकजण एकेक आठवण सांगायचा. पहिला मान त्याच्या विमानाच्या मिस्त्रीचा. कॅप्टनला जाऊन आज तीन वर्षं झाली होती.

“एकच ओळ लिहायचीय,” वहिनी म्हणाल्या. “शेपटीची तार तुटली म्हणून विमान पडलं. खाली तुमची सही. बस.”

“पण तार तुटली नव्हती हो! किती वेळा सांगू?”

मिस्त्रींचा जीव मेटाकुटीला आला होता. पहिल्या वर्षी फोन, दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या, आणि आता ऐन आजच्या दिवशी बाई समोर उभी. परकी असती तर दोन शब्द सुनावून वाटेला लावली असती. पण ही कॅप्टनची बायको. ज्या माणसाबरोबर बावीस वर्षं एका डब्यात जेवले, त्याची बायको.

आणि मागत काय होती, तर खोटं! ते दुपंखी विमान मिस्त्रींनी भंगारातून उभं केलं होतं. लाकडी सांगाडा, कापडी पंख, टाका न् टाका त्यांच्या हातचा. त्या सकाळी त्यांनी तारा ओढून पाहिल्या, दोन्ही सीटपुढचे विमान चालवायचे दांडे हलवून पाहिले, मगच वहीत सही केली. “काय मिस्त्री, बाईसाहेबांचा मूड कसा आहे आज?” कॅप्टननं विमानावर थाप मारत नेहमीसारखं विचारलं होतं. “एकदम झकास,” मिस्त्री म्हणाले होते.

चौकशीवाल्यांनीही तेच लिहिलं. विमान निर्दोष, उतरवताना वैमानिकाची चूक. तो कागद वाचून मिस्त्री ढसाढसा रडले होते आणि, खोटं कशाला बोला, सुटल्यासारखंही वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नव्हती. कॅप्टन असं उतरवायचा, की मांडीवर भरलेला कप असला तरी थेंब सांडू नये. असा माणूस उतरताना चुकतो कसा, हे काही केल्या त्यांना उमगत नव्हतं.

“वहिनी, त्यांच्या नावाला बट्टा लागला, मलाही सहन होत नाही. पण हा कागद चौकशीच्या ऑफिसात गेला, की माझं लायसन्स गेलंच.”

“ऑफिसात देणार नाही.”

“मग पेपरात छापणार?”

“कुठंच नाही. घराबाहेर जाणार नाही. शपथेवर सांगते.”

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. “म्हणजे फ्रेम करून भिंतीवर टांगायचाय? धन्य आहे तुमची!”

वहिनींनी पर्स उघडली, काही न काढता बंद केली.

“चिमणी आलीय का?” मिस्त्रींनी जरा नरमून विचारलं.

“गाडीत बसलीय. आत यायला तयार नाही.”

चिमणी म्हणजे कॅप्टनची एकुलती एक. नाव मिस्त्रींनीच पाडलेलं. सुट्टी असली की पोरगी हँगरमधून हलायची नाही. त्या दिवशी ती पुढच्या सीटवर होती. बाप मागे, या जातीच्या विमानात चालवणारा मागेच बसतो. ती वाचली, पायात सळी घालावी लागली. तिला शेवटचं काही आठवत नाही, असं वहिनींनी चौकशीत सांगितलं, आणि मग तिला कोणी फारसं छेडलं नाही.

“खाते-पिते ना नीट?”

“कसलं काय! कॉलेज सोडलं. खोलीतून बाहेर येत नाही. गेल्या महिन्यात तर रातोरात दवाखान्यात न्यावं लागलं. गोळ्या...” वहिनींना पुढे बोलवेना. “मिस्त्री, तुमच्या शब्दाला आमच्या घरात किंमत आहे. तुम्ही लिहून दिलंत की संपलं.”

“बापाचं दुःख आहे ते, वहिनी. खोट्या कागदानं कसं जाईल? आणि तुम्ही तरी! नवऱ्याची चूक मान्य करायला इतकं जड जातंय, की माझ्या तोंडाला काळं फासायला निघालात?”

“त्यांना आता काय फरक पडतो?” वहिनी म्हणाल्या.

हे ऐकून मिस्त्रींचं डोकंच फिरलं. तीन वर्षं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. “मग मला पडतो! चाळीस वर्षं इमानानं काम केलंय! माझं विमान ठणठणीत होतं. तार शाबूत, इंजिन शाबूत. ज्याच्या हातात होतं त्याच्याच चुकीनं पडलं. साक्षात ब्रह्मदेव आला तरी दुसरं लिहिणार नाही!”

खुर्च्या मांडणारे वळून बघायला लागले.

“हळू बोला हो,” वहिनी दाराकडे बघत म्हणाल्या. “पाया पडते तुमच्या, हळू.”

दारात चिमणी उभी होती, काठीवर भार टाकून. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही झालं तरी पोरीच्या कानांवर तिच्या बापाबद्दल हे जायला नको होतं.

“ये गं बाळा,” ते चाचरत म्हणाले. “रागाच्या भरात बोललो. मनावर घेऊ नकोस.”

“नाही काका, बरं झालं बोललात,” चिमणी म्हणाली. ती रडत नव्हती. “तार तुटली होती, मिस्त्रीकाका तसं लिहून देणार आहेत, असं आई मला रोज सांगते. बाबा ‘आज तूच उतरव’ म्हणाले आणि विमान मी पाडलं, हे ती ऐकूनच घेत नव्हती.”