वाट न बघता

पडद्यावरचा आकडा बराच वेळ हलेना, तसे संचालकांसह विद्यापीठात प्रात्यक्षिक बघायला आलेले दूध संघाचे अध्यक्ष चुळबुळले. "सर, तोवर आमचं दूध नासंल की!"

उत्कर्षाचे पीएच.डी.चे मार्गदर्शक धारवाडकर सर घाम पुसत होते. जिल्ह्यातल्या टँकरांचे स्वस्तात स्वस्त मार्ग चौसष्ट संगणक मिळून शोधत होते. आकडेमोडीच्या प्रत्येक फेरीला सगळ्या संगणकांनी एकमेकांसाठी थांबायचं, हा सरांचा नियम. आज एक संगणक रेंगाळला आणि बाकीचे त्याची वाट बघत बसले.

"सर, माझी पद्धत लावू?" उत्कर्षानं हळूच विचारलं. तिच्या पद्धतीत कुणी कुणासाठी थांबत नसे; हाती असेल त्या उत्तरावर प्रत्येकजण पुढं जाई. "गणितात असली घाई चालत नाही," म्हणून सरांनी ती धुडकावली होती. आज त्यांनी होकारार्थी मान हलवली.

चहा येईपर्यंत नकाशावर मार्ग उमटले. अध्यक्ष खुशीत आपल्या गावचा रस्ता शोधू लागले.

"पद्धत हिची आहे. मीच नको म्हणत होतो," सर सर्वांदेखत म्हणाले.

पाहुणे गेल्यावर त्यांनी खडू तिच्या हातात ठेवला. "उत्तर बरोबर का आलं, ते आता सिद्ध करून दाखव," म्हणाले आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसले.